एका वेळी एकच आवाज

मराठी समीक्षेत 'संवाद' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. कवी वाचकाशी संवाद साधतो, कादंबरी परंपरेशी संवाद साधते आणि चर्चासत्रांतून तर दोन-दोन दिवस निव्वळ संवादच चाललेला असतो. बोललेले समोरच्याला ऐकू गेले का, गेले असल्यास तेच गेले की दुसरे काही, हे प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ज्या भाषाव्यवहारात हे प्रश्न पहिल्या क्षणापासून विचारावे लागतात, असा एक व्यवहार आमच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून रात्री चालतो, आणि साहित्याच्या अध्यापकांना त्याचा पत्ता नसतो. अनेकांनी मिळून खेळायच्या हवाई युद्धाच्या संगणकीय खेळांतील रेडिओ-संभाषण हा तो व्यवहार होय. भाषेच्या अभ्यासकांनी तो कान देऊन ऐकावा आणि मराठीने त्यात आपली नेमकी जागा शोधावी, असे आमचे मत आहे.

ज्यांना या खेळांची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९९८चा 'फाल्कन ४.०', २००१चा 'आयएल-२ श्टुर्मोविक' आणि आजचा 'डीसीएस वर्ल्ड' हे बटणे बडवून गुण मिळवायचे खेळ नव्हेत. यांत विमान सुरू करण्यालाच कित्येक मिनिटे लागतात. खेळाडू शेकडो पानांच्या पुस्तिका वाचतात आणि तास-दीड तासाच्या उड्डाणात प्रत्यक्ष गोळीबार कधी कधी अर्धा मिनिटही होत नाही. उरलेला सारा वेळ दिशा राखणे, इंधन मोजणे आणि रेडिओवर ऐकणे यांत जातो. आरंभी हे बोलणे 'टीमस्पीक'सारख्या ध्वनिसेवांवरून चाले. तिथे शंभर मैलांवरचा सोबतीही कानाशी बसल्यासारखा ऐकू येई. पुढे 'सिंपल रेडिओ स्टँडअलोन' नावाची प्रणाली आली आणि चित्र पालटले. तिच्यात विमानातला रेडिओ चालू असावा लागतो, योग्य कंप्रतेवर लावलेला असावा लागतो, आणि अंतर वाढले किंवा मध्ये डोंगर आला की आवाज विरत जातो. थोडक्यात, आवाजाला भूगोल आला. संज्ञापनाच्या माध्यमाला स्वतःचे शरीर असते, हे आम्ही वर्गात सिद्धान्त म्हणून सांगतो. इथे ते एखाद्या टेकडीआड गेल्याबरोबर कळते.

या रेडिओचा पहिला नियम भौतिकशास्त्राने घातलेला आहे. बटण दाबले की बोलता येते, पण ऐकता येत नाही. बटण सोडले की ऐकता येते, पण बोलता येत नाही. शिवाय एका कंप्रतेवर एका वेळी एकच आवाज मावतो. दोघांनी एकदम बटण दाबले, तर ऐकणाऱ्याला दोघांपैकी कोणीच कळत नाही. नुसती किंकाळीसारखी शीळ ऐकू येते. प्रत्यक्ष विमानांच्या रेडिओचे हे वैगुण्य खेळातल्या प्रणालीतही मुद्दाम उतरवता येते. हा तपशील क्षुल्लक नव्हे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथे धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. त्या अपघाताच्या कारणांत एक अशी शीळ होती. डच विमानाच्या चालकांनी आपण उड्डाणाच्या टप्प्यावर असल्याचे सांगितले. त्यांचे वाक्य असे घडले होते की 'उड्डाण चालू आहे' आणि 'उड्डाणासाठी थांबलो आहोत' असे दोन्ही अर्थ त्यातून निघावेत. नियंत्रकाने आधी होकार उच्चारला आणि मग थांबण्यास सांगितले. नेमके त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवले. दोन इशारे एकमेकांवर पडले आणि डच विमानाच्या कक्षात त्यांचा निव्वळ गोंगाट पोचला. त्यानंतर हवाई संभाषणाचे नियम बदलले. 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, असे ठरले. एका शब्दाच्या उच्चाराला असा पहारा आम्ही कोणत्याही साहित्यशास्त्रात पाहिलेला नाही.

रेडिओवरचे बोलणे ही प्रथमदर्शनी परकी सांकेतिक बोली वाटते. 'फॉक्स टू' म्हणजे उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र सोडले. 'बिंगो' म्हणजे परतण्यापुरतेच इंधन उरले. 'विंचेस्टर' म्हणजे शस्त्रे संपली. 'एंजल्स' म्हणजे हजार फुटांत मोजलेली उंची. शिकाऱ्याची आरोळी, सोंगट्यांसारख्या बैठ्या खेळातला पुकारा, जुन्या बंदुकीचे नाव आणि देवदूत असा हा चमत्कारिक संसार आहे. परंतु संकेतभाषा म्हटली की मराठी माणसाला गुप्ततेची आठवण होते, आणि तिथेच गफलत होते. आमच्याकडे करपल्लवी होती, नेत्रपल्लवी होती. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून आजही सौदा करतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला आकडा कळू नये. १४ जानेवारी १७६१च्या पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. थोर मृतांना मोत्यांचे रूप, सरदारांना मोहरांचे आणि सामान्य शिपायांना खुर्द्याचे. त्या भाषेत गुप्तता आहेच, पण दुःखावर घातलेला संयमाचा पडदाही आहे. आणि मेल्यावरही माणसाचा भाव ठरवणारी समाजाची तराजूही आहे. रेडिओची बोली याच्या नेमकी उलट आहे. तिचे कोश छापलेले आहेत, कोणीही वाचावेत. ती लपवण्यासाठी घडलेली नाही. गोंगाटातून, घाईतून आणि भीतीतून अर्थ अखंड पार जावा म्हणून घडलेली आहे. तिच्यात मोती आणि खुर्दा असा भेदही नाही. पडलेल्या प्रत्येक विमानाला एकच शब्द असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे अभ्यासाला काय आहे? आमच्या मते पुष्कळ आहे. जे. एल. ऑस्टिन यांचे १९६२ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आम्ही शिकवतो, आणि उच्चार ही कृती असते याचे उदाहरण म्हणून जहाजाला नाव देणे, लग्न लावणे, शपथ घेणे हीच तीन-चार उदाहरणे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो. 'फॉक्स टू' हे दोन शब्द एकाच वेळी वृत्त आहेत, सोबत्यांना दिलेला इशारा आहेत आणि या क्षेपणास्त्राची जबाबदारी माझी, ही कबुलीही आहेत. रोमान याकबसन यांनी १९६०मध्ये मांडलेल्या भाषेच्या सहा कार्यांपैकी संपर्क राखण्याचे कार्य समजावताना आम्ही 'हॅलो' शब्दावर वेळ भागवतो. रेडिओवर मात्र 'माझा आवाज कसा येतो?' या प्रश्नाशिवाय उड्डाणच होत नाही. आणि ज्याला बोलवायचे त्याचे नाव आधी, आपले नाव नंतर, हा तिथला क्रम आहे. व्यासपीठावर स्वतःच्या परिचयाने सुरुवात करणाऱ्या आमच्या वक्त्यांनी तो जरूर पाहावा. अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माइतका आनंद मानणारे वैयाकरण आपल्याच परंपरेतले. पाणिनीला हे रेडिओ-संभाषण परके वाटले नसते, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो.

आता प्रश्न मराठीचा. हे संभाषण मराठीत करून पाहावे, म्हणजे आपल्या भाषेविषयी ज्या गोष्टी एरवी दिसत नाहीत त्या दिसू लागतात. मराठी माणूस निरोप घेताना 'येतो' म्हणतो आणि निघून जातो. बांगडी फुटली की ती 'वाढवली' असे म्हणतो. अशुभ टाळण्यासाठी उलटा शब्द वापरण्याची ही रीत घरात किती हळुवार आहे! पण दोन विमाने एकमेकांजवळून जात असताना एकाने 'येतो' म्हटले तर दुसऱ्याने काय समजावे? 'परवा' हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. आणि सर्वांत महत्त्वाचे, मराठी क्रियापदाला कर्त्याची गरज नसते. 'दिसला!' एवढे पूर्ण वाक्य होते. कवितेत हे वैभव आहे. कोण दिसला हे न सांगण्यातच कवितेचा अर्धा प्राण असतो. रेडिओवर तेच घातक ठरते. म्हणून तिथल्या बोलीत शत्रू दिसला तर एक शब्द, दिसत नसला तर दुसरा. सोबती दिसला तर तिसरा आणि सोबती दृष्टीआड झाला तर चौथा. पाहण्याच्या एका क्रियेचे असे चार तुकडे का करावे लागले? कारण आपला आणि परका यांची गल्लत हा हवाई युद्धातला सर्वांत जुना शाप आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. तिथे भाषा मराठी नव्हती आणि कारणेही अनेक होती. तरी 'दिसला, पण कोण?' हा प्रश्न व्याकरणाच्या तासापुरता नाही, हे लक्षात यावे म्हणून हे उदाहरण दिले.

आकड्यांचेही तसेच. रेडिओवर दिशा नेहमी तीन अंकांत आणि प्रत्येक अंक सुटा उच्चारून सांगतात. पाच आणि नऊ यांची गल्लत होऊ नये म्हणून इंग्रजी नऊला तिथे खास लांबवलेला उच्चार दिलेला आहे. मराठीत 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतले अंतर शेवटच्या अक्षरांवर टांगलेले असते, आणि खरखरीत नेमकी शेवटची अक्षरेच हरवतात. २०१९च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असे वाचन सुचवले गेले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले. पण भाषा बुडाली म्हणणाऱ्यांचा आवाज इतका मोठा होता की सांगणारी आणि ऐकणारे यांच्यामध्ये शीळच ऐकू आली. जोडाक्षरांनी भरलेले संख्यानाम हे सौंदर्य आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण भाषेला एकाच प्रसंगाचे कपडे असावेत, हा हट्ट कशासाठी? 'दोन-सात-शून्य' म्हणणारा विद्यार्थी 'दोनशे सत्तर' विसरत नाही.

मग रेडिओची भाषा कोणती असावी? इंग्रजीच, असे उत्तर झटकन दिले जाते, आणि त्यासाठी १२ नोव्हेंबर १९९६च्या चरखी दादरीचा दाखला देतात. दिल्लीजवळच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम रेडिओ-चालकाकडे होते. परंतु त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावे लागे. ज्याला भाषा येत होती त्याच्यापुढे काटा नव्हता आणि ज्यांच्यापुढे काटा होता त्यांना भाषा पुरेशी येत नव्हती. या दुर्घटनेचा धडा 'सर्वांनी इंग्रजी बोला' एवढाच घेणे अपुरे आहे. भाषा आणि अनुभव यांची अशी फाळणी कुठेही झाली तरी अपघात होतो, हा तिचा मोठा धडा आहे. आमच्या विद्यापीठांतही ती फाळणी आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण कॅनडाचे. १९७६ साली क्वेबेकच्या आकाशात फ्रेंच बोलू द्यावी की नाही यावरून तिथल्या वैमानिकांनी संप केला; दोन भाषा म्हणजे अपघात, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी आयोग बसला, नियंत्रण-कक्षाच्या प्रतिकृतींत चाचण्या झाल्या, आणि १९७९च्या अंतिम अहवालाने दोन भाषांचा वापर सुरक्षित ठरवला. भाषेचा तंटा भावनेने न सोडवता सरावाच्या खोलीत सोडवला गेला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. त्याहून जुने उदाहरण १९४०चे आहे. ब्रिटनच्या लढाईत पोलिश वैमानिकांना उड्डाण येत होते, रेडिओवरची इंग्रजी येत नव्हती. म्हणून त्यांना सायकलींवर रेडिओ बसवून मैदानात फिरवण्यात आले. त्यांच्या ३०३ क्रमांकाच्या तुकडीने पुढे केलेला पराक्रम सर्वज्ञात आहे. १९६९च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटात मात्र त्यांच्या इंग्रजीचा प्रसंग हशा पिकवण्यासाठी आला. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर हसणे ही जगाची जुनी सवय आहे.

ती सवय आमच्या वळसंगापर्यंत पोचते. आमच्या परिचयातील एक विद्यार्थी जुन्या संगणकावर हे खेळ खेळतो. परदेशी मंडळींच्या मोहिमांत तो महिनोन्‌महिने सामील होतो, दिशा-उंची अचूक राखतो, पण बटण कधी दाबत नाही. कारण विचारले तर म्हणाला, "सर, कान देतो, तोंड नाही. आपलं इंग्लिश ऐकून हसतेत ओ." घरात कानडी, शाळेत मराठी, सोलापुरात पूर्व भागात गेला तर तेलुगू आणि बाजारात दखनी, असा हा मुलगा चार भाषांत सहज वावरतो, पाचवीने त्याला मुके केले. आणि गंमत अशी की त्या रेडिओला लागणारी इंग्रजी ही वाङ्मयाची इंग्रजी नव्हेच. शे-दीडशे शब्द, ठरलेला क्रम, आणि चुकले तर पुन्हा सांगण्याची ठरलेली रीत. ती कोणाचीच मातृभाषा नाही. लंडनच्या माणसालाही ती शिकावीच लागते आणि आपले अघळपघळ इंग्रजी बाजूला ठेवावे लागते. हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते, कारण सांगणे ज्यांचे काम त्या भाषाशिक्षकांना असा काही भाषाप्रकार असतो हेच ठाऊक नाही.

वळसंगात बसून सामायिक गोष्टीवरच्या हक्काविषयी लिहिताना इथल्या विहिरीची आठवण टाळता येत नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावी आले आणि दलित वस्तीच्या विहिरीचे लोकार्पण त्यांच्या हस्ते झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, मार्च १९२७मध्ये, महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. पाण्यावाचून ठेवण्याच्या अन्यायाशी खेळातल्या संकोचाची बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. तरीही त्या दोन पाण्यांतून एक विचार शिकता येतो: सामायिक तळ्यावरचा हक्क सोडायचा नाही, आणि तो मिळेपर्यंत व मिळाल्यावरही आपली विहीर आपण राखायची. यांतले एकच निवडा असे सांगणारे लोक बहुधा तहानलेले नसतात.

योगायोग असा की अनेक लढाऊ विमानांत रेडिओही दोन असतात. एकावर नियंत्रकाशी आणि इतर सर्वांशी बोलायचे. दुसऱ्यावर आपल्या दोन-चार विमानांच्या तुकडीतच. खेळातल्या प्रणालीत एक आवाज डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात घेण्याचीही सोय आहे. आमचे म्हणणे एवढेच: पहिल्या रेडिओवर ती सामायिक, मोजकी, कोणाचीही नसलेली बोली निःसंकोच बोलावी; दुसऱ्यावर मराठी बोलावी, आणि सोलापूरकडच्यांनी हवी तर कानडीमिश्रित मराठी बोलावी. पण ती बोलताना 'दिसला' म्हणजे कोण, 'येतो' म्हणजे कुठे, हे आधी ठरवून घ्यावे. भाषाशुद्धीच्या समित्या जे शब्द कागदावर घडवतात आणि जे कागदावरच मरतात, त्यांच्यापेक्षा असे ठरवलेले वीस शब्द अधिक जगतील. कारण चुकीचा शब्द तिथे त्याच रात्री विमान पाडतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. अखेर हा युद्धाचा खेळ आहे. साहित्याच्या माणसांनी त्याची भलामण का करावी? मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा संगणकीय खेळांतली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून घरोघर फिरली, हे आम्ही विसरलेलो नाही. चित्राचा मोह हा या खेळांचा खरा धोका आहे. पण त्याच रात्री दूरचित्रवाणीवर काय चालले होते तेही आठवावे. सहा-सात माणसे एकाच वेळी ओरडत होती, कोणाचेही बटण सुटत नव्हते, आणि शत्रूची शहरे पडल्याच्या बातम्या कोणी पडताळून न घेता पुढे पाठवीत होता. रेडिओची शिस्त शिकलेला खेळाडू आकडा ऐकल्यावर तो परत उच्चारून खात्री करतो. न दिसलेले 'दिसले' म्हणत नाही, कारण तसे म्हणण्याची किंमत त्याच्या सोबत्याला मोजावी लागते. युद्धज्वर चढतो तो असा पडताळा सुटल्यामुळे. खेळाने माणूस शांततावादी होतो असा आमचा दावा नाही. मात्र या खेळाचे चित्र माणसाला बिघडवू शकत असेल तर त्याची भाषा त्याला थोडे सावरूही शकते, हे नाकारता येणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पदवीच्या भाषाविज्ञानाच्या तासाला, प्रयुक्तीचा पाठ आला की, एक तास पुस्तक मिटावे. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवावे, एकाच्या हाती गावाचा नकाशा द्यावा आणि दुसऱ्याने त्यावरून कोऱ्या कागदावर वाट काढावी. नियम दोनच: एका वेळी एकानेच बोलायचे, आणि ऐकलेले परत उच्चारल्याशिवाय पुढे जायचे नाही. मराठीचे कोणते शब्द टिकतात, कोणते घसरतात, याची यादी फळ्यावर आपोआप तयार होईल. त्या यादीवर चर्चा करताना अध्यापकांनीही तोच नियम पाळावा. आपले बोलून झाले की बटण सोडावे.